खैतानमधलं पॉट आइस्क्रीम

"कव्हरची काळजी सोडा, ते मी बघतो," असं मोरेश्वर पेठे मंडळाच्या भर बैठकीत म्हणाले, तेव्हा त्यांच्या बायकोच्या, चारुताच्या, हातातला चिवड्याचा घास बशीत परत पडला. कुवेतमधल्या बावीस वर्षांत मोरेश्वररावांनी कुठलीच गोष्ट अशी छातीठोकपणे अंगावर घेतली नव्हती. त्यांचं बोलणं 'तसं पाहिलं तर'ने सुरू होई आणि 'बघू या'वर संपे.

पण या वेळची गोष्ट वेगळी होती. डिसेंबरात त्यांची नोकरी संपत होती, इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपत होता आणि पेठे कुटुंब कायमचं पुण्याला जाणार होतं. कुवेतच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी त्यांचं नाव यायचं ते शेवटच्या पानावर, आभाराच्या यादीत, हॉलवाला आणि माइकवाला यांच्या मधोमध. जाता जाता एकदा तरी ते कव्हरच्या आत, 'मुखपृष्ठ छायाचित्र' या शब्दांपुढे छापून यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

या वर्षीचा विषय होता 'आठवणीतला उन्हाळा'. संपादक विशाखा बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती आणि ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं तर तिला जेवण जात नसे. ती इंटरनेटवरून आंब्याचं एखादं चित्र उतरवून घेणार होती. मोरेश्वररावांनी तिला अडवलं आणि कराडच्या पॉट आइस्क्रीमची गोष्ट सांगितली. मे महिन्यात त्यांचे वडील, नाना, भाड्याने लाकडी पॉट आणत. सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घरी येईपर्यंत तिचं पाणी वरातीसारखं मागे सांडत येई. बर्फात जाडं मीठ घालायचं, दांडा फिरवायचा, पॉट हलू नये म्हणून धाकट्या मोरूला वर बसवायचं आणि मग ते आइस्क्रीम! तशी चव पुन्हा कुठे मिळाली नाही, असं म्हणताना त्यांचा आवाज ओला झाला. विशाखाही विरघळली. शुक्रवारी फोटो काढा, शनिवारी सकाळी छपाईला जाईल, असं तिने सांगितलं.

आता कुवेतमध्ये लाकडी पॉट आणायचा कुठून? तो केला सखारामने. सखाराम गुहागरकडचा सुतार. अहमदीतल्या जुन्या बंगल्यांच्या दुरुस्तीवर होता आणि गणपतीत मंडळाचं मखर करायचा. त्याने मालाच्या पेट्यांच्या फळ्या जोडून टब केला, चारुताचा पोह्यांचा स्टीलचा डबा त्यात बसवला आणि डब्याला दुकानाच्या शटरचा दांडा जोडला. झाकण थोडं वाकडं बसत होतं. "साहेब, फोटोत काय दिसनार नाय," असं म्हणून त्याने विषय संपवला.

शुक्रवारी सकाळी पेठ्यांच्या खैतान भागातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या घरी सगळे जमले. बाहेर एकोणपन्नास डिग्री होती आणि वर धुळीचं वादळ. खिडकीतून समोरची इमारतसुद्धा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी दिसत होती. असल्या उजेडात फोटो काय निघणार, म्हणून सखारामने साइटवरचे दोन हॅलोजन आणले होते. जमियातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या सहकारी भांडारातून, बर्फाच्या दहा पिशव्या आल्या, मासळीबाजारातून जाडं मीठ आलं, चारुताने आदल्या दिवशीच दूध आटवून त्यात आंब्याचा रस घालून ठेवला होता.

त्यांची पंधरा वर्षांची लेक अक्षरा सोफ्यावरून हे सगळं पाहत होती. तिने एवढंच सांगितलं की असल्या फोटोंत रिअल आइस्क्रीम कोणीच वापरत नाही, बटाटे वापरतात. उकडून, कुस्करून, रंग देऊन. ते मेल्ट होत नाहीत.

मोरेश्वररावांना हे फार लागलं. नानांच्या आठवणीत बटाटा? त्यांनी लेकीला खऱ्या-खोट्यावर दहा मिनिटं ऐकवलं आणि दांडा हातात घेतला. पंधरा फेऱ्यांत त्यांच्या खांद्याने राजीनामा दिला. मग सखारामने फिरवलं, चारुताने फिरवलं, शेवटी अक्षरानेही फिरवलं. पाऊण तासाने दांडा जड झाला, तसे मोरेश्वरराव लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले. डबा उघडला. आत खरंच आइस्क्रीम होतं, पिवळंधमक, अगदी घट्ट.

काचेच्या वाटीत दोन गोळे ठेवले. हॅलोजन लावले. मोरेश्वरराव डोळा कॅमेऱ्याला लावून फोकस करू लागले आणि फोकस होईपर्यंत गोळ्यांचा आमरस झाला. दुसरी वाटी आली. तिचंही तेच. तिसऱ्या वाटीतला गोळा हळूच एका बाजूला कलला, आजारी माणसाने उशीवर मान टाकावी तसा. हॅलोजनसमोर आइस्क्रीम म्हणजे चुलीपुढे मेणाचा गणपती, हे त्यांच्या लक्षात यायला पाच वाट्या लागल्या. पण दिवे काढायला ते तयार होईनात. त्यांनी घरातले तिन्ही एसी सोळावर लावले, दारांच्या फटींत टॉवेल कोंबले, फ्रीज उघडून त्याचं तोंडही हॉलकडे केलं. चारुता शाल पांघरून, सखाराम कानाला मफलर बांधून आणि अक्षरा रजईत, असे सगळे भर जुलैत कुवेतमध्ये कुडकुडत बसले. सहावी वाटी टेबलावर ठेवली. ती टिकली. मोरेश्वररावांनी श्वास रोखला, बटणावर बोट ठेवलं, आणि खाट्कन सगळं बंद पडलं. दिवे, एसी, फ्रीज, सगळं.

दोन मिनिटांत दारावर बदरुद्दीन उभा. तो इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार; पेठ्यांशी बावीस वर्षांत तो कधी आवाज चढवून बोलला नव्हता. पूर्ण मजल्याची बिजली गेली आहे आणि मेन केबल गरम झाली आहे, ती थंड झाल्याशिवाय दोन तास काही होणार नाही, असं त्याने सांगितलं. मग त्याचं लक्ष घरात गेलं. एवढ्या उन्हाळ्यात शाली, मफलर, रजई. त्याने आवाज खाली आणून विचारलं, "साब, घर में सब को बुखार है क्या?"

त्याला आत घेऊन बसवलं. मोरेश्वरराव भिंतीला टेकून खाली बसले. ते अक्षराकडे न बघता म्हणाले, "किती बटाटे लागतील?"

अक्षरा रजई बाजूला टाकून उठली. तिने गॅसवर सहा बटाटे उकडले, गुठळी राहू न देता कुस्करले, आंब्याच्या रंगाचे दोन थेंब टाकले आणि चमच्याने असे गोळे केले की पाहत राहावं. दिवे नव्हतेच, म्हणून वाटी खिडकीत ठेवली. धुळीतून येणारा तो पिवळट, मऊ उजेड वाटीवर पडला. मोरेश्वररावांनी दहा फोटो काढले, एक विशाखाला पाठवला आणि चोरी केल्यासारखं तोंड करून बसले.

डब्यात आइस्क्रीम अजून बरंच होतं. वाया कशाला घालवायचं, म्हणून चारुताने सगळ्यांना वाढलं. घाम पुसत सगळे खाऊ लागले. कसं झालंय, असं मोरेश्वररावांनी विचारलं. छान झालंय, असं चारुता म्हणाली. एक नंबर, सखाराम म्हणाला. बदरुद्दीनने मान हलवली, पण त्याची मान जरा जास्तच वेळ हलत राहिली.

मग मोरेश्वररावांनी स्वतः घास घेतला आणि ते थांबले.

"हीच," ते म्हणाले. "हीच ती चव." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणखी एक घास घेऊन त्यांनी तिथल्या तिथे कराडला फोन लावला, थोरल्या बहिणीला, नर्मदाताईला. ताई सत्तरीच्या पुढच्या. आई लवकर गेल्यावर मोरूला त्यांनीच वाढवलं होतं. ताई, नानांची चव सापडली, असं ते घाईघाईने सांगू लागले. इतक्या वर्षांत कुठे मिळाली नाही, आणि इथे, कुवेतमध्ये, माझ्या घरात!

पलीकडून ताईंनी शांतपणे विचारलं, "खारट झालंय का रे?"

मोरेश्वरराव जिभेवरच्या चवीचा विचार करू लागले.

"आपल्या भाड्याच्या पॉटचं झाकण वाकडं होतं," ताई म्हणाल्या. "मिठाचं पाणी आत जायचं. दर वर्षी खारट व्हायचं. पण नाना उन्हातून बर्फ आणायचे, घामाघूम होऊन फिरवायचे. त्यांना वाईट वाटेल म्हणून आम्ही कोणी बोलायचो नाही. तू लहान होतास, तुला वाटलं आइस्क्रीम असंच असतं."

फोन स्पीकरवर होता. मोरेश्वररावांनी मान वर केली. चारुता खिडकीबाहेर बघत होती. सखाराम मफलरची घडी घालण्यात गुंतला होता. बदरुद्दीनने वाटी खाली ठेवून तोंड पुसलं. आणि अक्षराची वाटी रिकामी होती, तळापर्यंत चाटूनपुसून.

"तूसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. "थोडंसंच सॉल्टी होतं."

त्यांना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण हात चिकट होता. त्यांनी नुसतीच मान हलवली आणि उरलेलं आइस्क्रीम स्वतःच्या वाटीत काढून घेतलं. ते एकट्याने संपवलं, सावकाश.

वीज आली तेव्हा विशाखाचा निरोपही आला. फोटो तिला अतिशय आवडला होता. रंग, उजेड, मांडणी, सगळंच. उपासाच्या पाककृतींचं पान नेमकं रिकामं होतं, तिथे तो तिने बटाट्याची भाजी म्हणून लावूनही टाकला होता. आता आइस्क्रीमचा तेवढा लवकर पाठवा, असं खाली लिहिलं होतं.

आइस्क्रीमचा फोटो काही तिला मिळाला नाही. कव्हरवर इंटरनेटवरचा आंबा आला. पेठ्यांचं नाव मात्र छापलं गेलं, पान एकेचाळीसवर, ऱ्हस्व-दीर्घाच्या एकाही चुकीशिवाय: 'बटाट्याची भाजी. छायाचित्र: मोरेश्वर पेठे.' त्यांनी एक अंक कराडला पाठवला. पोचल्याचा ताईंचा फोन आला. चष्मा लावून दोनदा पाहिला म्हणाल्या, शेजारच्यांनाही दाखवला.

"फोटो सुरेख आहे रे मोरू," ताई म्हणाल्या. "पण फोडणीत जिरे दिसत नाहीत."

मोरेश्वरराव घोटाळले. त्यांनी चारुताकडे पाहिलं, अक्षराकडे पाहिलं, आणि घसा साफ करून म्हणाले, "घाईत राहिले, ताई."