फोकस झाला पायजे

आमच्या उत्रोलीत तात्यांकडे चहाला गेलं, की आधी त्यांच्या बायकोच्या डोक्याभोवती उभं राहावं लागतं. मी शेजारी, म्हणून माझी जागा ठरलेली: डावा कान.

हौसाकाकू धडधाकट होत्या तेव्हा तात्यांचं काही चुकलं, की त्यांच्या कपाळावर बोटाच्या पेरानं टकटक करायच्या. "टाळकं हाय का कातळ? सांगितलेलं आत शिरतंच न्हाई!" आमच्या ओसरीपर्यंत ऐकू यायचं. गेल्या साली त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. त्यांना कळतं किती, हे डॉक्टरलाही नक्की सांगता येईना. तात्यांना एकच घोर लागला, आपलं बोलणं हौसाच्या डोक्यात शिरतं का न्हाई?

तात्यांची भाची सुषमा पुण्यात इंजिनिअर आहे. आवाजाच्या लहरी कवटीतून आत सोडून मेंदूचं चित्र काढायचं, असल्या यंत्रावर तिचं काम. ती काकूंना बघायला आली तेव्हा तात्या म्हणाले, "आन की त्ये हितं!"

"मामा, अजून तयार नाही झालं. कवटीचं हाड कुठं जाड, कुठं पातळ. लहरी आत जाताना विस्कटतात. म्हणून चहूबाजूंनी सोडायच्या, कुठली आधी, कुठली मागून. मग सगळ्या एका जागी एकदम पोचतात. त्याला फोकस म्हणायचं."

तात्यांनी यंत्राचा नाद सोडला आणि फोकस धरून बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारीपाजारी काकूंच्या खुर्चीभोवती उभे. "तुमी लांब, तुमी आदी म्हना. तुमी जवळ, मागनं म्हना." तात्यांचा हात खाली आला, की "हौसाऽ!" माझं कायम उशिरा. "झालं! फोकस फुटला तुमच्यापायी!" आता मला भजनातसुद्धा कोणी टाळ देत नाही, त्याला मी काय करू?

सुषमानं कपाळावर हात मारला. "मामा, तो आवाज कानाला ऐकूच येत नाही!"

"मंग काय उपेग त्येचा?"

परवा भातलावणीमुळं मी सोडून कोणीच आलं नाही. तात्या एकटेच खुर्चीभोवती फिरत राहिले. इकडून हौसा, तिकडून हौसा. गुडघे दुखले तसे तिच्यापुढं मटकन बसले. मी डाव्या कानाशी उभा.

"हौसा, शिवी दे, पर बोल गं. घर लई गप झालंया. मला न्हाई करमत."

मला लई वाईट वाटलं. निघावं म्हणून वळलो, तर काकूंचा डावा हात हलला. सावकाश वर आला आणि तात्यांच्या कपाळावर पेर वाजलं. टक. टक.

तात्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. मला म्हणाले, "ऐकलंत न्हवं? कातळ म्हनली! मला कातळ म्हनली!"