बावतीस मास्तरांच्या थेट धुनेची हकीकत

श्री. ज्याणें मुक्या लाकडास वाचा दिली आणि बोलक्या तोंडांस झांकण द्यावयाचें विसरला, त्या परमेश्वरास दंडवत असो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर. नांव पंचांगांतच होतें, आम्ही रागानें चिकटविलेलें नाहीं. ते सालीं एका राज्यांत, ज्याचें नांव लिहिल्यास लिहिणाराचें नांव शिल्लक राहणार नाहीं, बावतीस मास्तर म्हणोन एक गिटारवादक होते, आणि त्यांची बायको रोझाबाई, आणि लेक एमिली ती लग्न होऊन समुद्रापार गेलेली. लेक जन्मली ते दिवशीं मास्तरांनी एक धून रचिली होती, ती दर वाढदिवशीं वाजवीत, ध्वनिमुद्रित कधीं केली नाहीं, कीं बोटें आपलींच आहेत, जातात कोठें. मग त्या सालीं डावे हाताची करंगळी कांपूं लागली आणि वैद्यांनी सांगितलें कीं मास्तर, हें वाढणार, वाजवायचं तें आत्तांच वाजवून घ्या. मग मास्तरांनी मनीं धरिलें कीं धून एकदां मुद्रित करोन लेकीस पाठवावी.

परंतु राज्यांत हुकूम ऐसा होता कीं आवाज ही सरकारची मालमत्ता, रयतेनें मुद्रण करूं नये. घरोघरचीं यंत्रें सरकारजमा जाहलीं होतीं, मोबाईलांतील ती सोयही बंद पाडिली होती, आणि समग्र राज्यांत मुद्रणयंत्र एकच, तें दरबारांत, आणि त्याजवर अच्युतपंत ध्वनिनवीस नेमिले होते, ज्यांस ध्वनि म्हणजे महाराजांचा आणि बाकी सर्व गलका, येवढें ज्ञान पक्कें होतें. मास्तरांनी अर्ज गुजारिला. महाराज प्रसन्न होऊन बोलिले कीं धून बरी निघाली तर रोज सकाळीं कर्ण्यावरून रयतेस ऐकवूं, आणि एक नक्कल मास्तरांस द्यावी. मग मास्तर गिटार घेऊन आणि घरीं सरावास लागतो तो, गिटारीचा आवाज मोठा करणारा लहान ॲम्प घेऊन, जो तांदळाच्या डब्यायेवढा असोन घरांत डबा म्हणोनच ओळखिला जाई, रोझाबाईंसह दरबारीं हजर जाहले.

आतां दरबाराचा रिवाज ऐसा कीं महाराजांपुढें कोणी कांहीं वाजवूं लागला तर मानकऱ्यांनी मानाप्रमाणें एकामागें एक वाहवा म्हणावी, गप्प बसल्यास नाराजी समजली जाई. ध्वनिनवीसांनी डब्यापुढें माईक ठेविला, मास्तरांनी धून वाजविली, मग यंत्र उलटें फिरवोन ऐकिलें तों त्यांत दिवाणजींची वाहवा, सेनापतींची वाहवा, कोठीवाल्यांची खोकल्यासहित वाहवा, पंख्याची घरघर, आणि मधोन मधोन कोणी लांब गिटार वाजवितो ऐसा भास. रोझाबाई म्हणाल्या, "हे काय? ही धून आहे का पंगत उठलीय?"

दिवाण रायाजीराव म्हणाले, "बाई, वाहवा हा रिवाज आहे."

"मग एक धून होईस्तोवर तोंडं मिटा."

"मिटतां येत नाहींत. आधीं कोणी मिटावें याचा क्रम ठरलेला नाहीं."

तेव्हां मास्तर हात जोडोन बोलिले कीं सरकार, हवेतून आवाज घेऊंच नका, डब्यातून थेट वायर यंत्रात घाला, म्हणजे खोलीतलं काही येणार नाही, नुसती गिटार येईल. थेट हा शब्द ऐकतांच महाराज आसनावर पुढें सरकले, कारण तो त्यांचा फार लाडका शब्द. चौकाचौकांत "महाराज थेट रयतेशीं" ऐसे फलक लाविले होते, जरी रयतेस महाराजांपर्यंत जावयास इतके दरवाजे लागत कीं शेवटल्या दरवाज्यापाशीं पोहोंचलेला मनुष्य गाऱ्हाणें विसरोन पाणी मागे. महाराज बोलिले, "थेट! करा. अगदीं थेट करा."

मग थेटची मोहीम सुरूं जाहली. प्रथम डबा वगळोन गिटारच यंत्रांत खोंवली, तों आवाज चिलटासारखा निघाला, कीं त्या गिटारीचा आवाज भरतो तो डब्यांत. मग दिवाणजींचे भाचे पुढें जाहले आणि मास्तर नको नको म्हणत असतां डब्याच्या भोंग्याच्या तारा उपटोन यंत्रास जोडिल्या, आणि डबा मोठ्यानें सोडिला, तों यंत्रांतोन धूर निघाला, आणि दरबारानें धुरासही मानाप्रमाणें वाहवा दिली. यंत्र दुरुस्तीस गेलें, भाचे बढतीस गेले, मास्तरांची करंगळी तेथवर तपेलीवरील झांकणासारखी थडथडूं लागली.

यंत्र आलें. मग ध्वनिनवीसांस डब्याचे पाठीस एक भोंक आढळलें, त्याजवर दोन शब्द होते, "फोन्स" आणि "लाईन औट". ध्वनिनवीस शिकलेले असल्यामुळें त्यांनी ते वाचिले. फोन्स म्हणजे टेलिफोन, सबब हें भोंक टपालखात्याचें, त्या खात्याच्या परवान्यावांचोन त्यांत कांहीं घालणें गुन्हा, म्हणोन प्रकरण तिकडे धाडिलें. आणि लाईन औटचा अर्थ दिवाणजींनी स्वतां लाविला, कीं धून मुद्रित होतेसमयीं लाईन औट पाहिजे. मग गाऱ्हाणीं घेऊन सावलींत उभी असलेली सगळी रांग हुसकोन उन्हांत नेली. त्यांत एक म्हातारी, जांवई तुरुंगांत कां म्हणोन विचारावयास आलेली, भोंवळ येऊन पडली, आणि तिला उचलावयाचें सोडोन ध्वनिनवीस आंत डब्यास कान लावून विचारिते जाहले, "आतां येतो का हो आवाज?" हें ज्यांनी पाहिलें त्यांस हंसूं आलें नाहीं. आम्हांसही लिहितांना येत नाहीं.

रोझाबाईंनी म्हातारीस पाणी पाजिलें आणि तशाच ओल्या हातांनीं दरबारांत शिरल्या. म्हणाल्या, "अहो शिकलेल्या माणसांनो, ते कानाला लावतात त्या फोनचं भोक आहे! शेजारची सून बाळंत झाली तेव्हा हे तेच लावून वाजवायचे, पोर उठू नये म्हणून. आणि लाईन माणसांची नव्हे, आवाजाची! तिथं वायर घाला आणि त्या लोकांना आत घ्या!"

महाराजांस बाईंचा सूर आवडला नाहीं, परंतु थेट राहोन जातें म्हणोन मान डोलाविली. वायर घातली. मात्र त्या भोंकाचा गुण ऐसा कीं त्यांत कांहीं खोंवलें म्हणजे डब्याचा भोंगा गप्प होतो आणि सगळा आवाज वायरीनेंच जातो. मास्तरांनी गिटार छेडिली, डबा मुका. मास्तरांस तें ठाऊक होतें. ते डोळे मिटोन वाजवूं लागले. दरबारास ठाऊक नव्हतें. वाहवा कशास द्यावी कळेना, न द्यावी तर नाराजी, दिवाणजी महाराजांकडे पाहत, सेनापति दिवाणजींकडे, आणि महाराजांस आपल्यापुढें पसरलेली शांतता कधींच सोसत नसे, म्हणोन ते स्वतांच बोलूं लागले, कीं आम्हीही लहानपणीं गिटार धरिली होती, गुरुजी म्हणाले ऐसा हात पाहिला नाहीं, पण रयतेकरितां सोडिली. मग वाहवांस ठिकाण सांपडलें, छत दणाणलें. त्या गदारोळांत रोझाबाई तेवढ्या मास्तरांच्या करंगळीकडे पाहत होत्या. करंगळी कांपली, आणि टिकली, आणि शेवटल्या सुरावर जाऊन बसली. मास्तरांनी घाम पुसला आणि म्हणाले, "झालं, रोझे. आली."

दिवाणजी म्हणाले, "काय आली? डबा तर मेला."

यंत्र उलटें फिरविलें. तों धून निघाली. नुसती धून. खोकला नाहीं, पंखा नाहीं, वाहवा नाहीं, मधें कोणी नाहीं. लेक जन्मली तो दिवस त्या दिवाणखान्यांत येऊन उभा राहिला, आणि बाहेरील रांगही आपोआप खिडकीशीं आली. कोठीवाले खोकावयाचे विसरले. धून संपली, आणि दरबारांत पहिल्यानेंच कोणी कांहीं म्हणालें नाहीं.

मग महाराज म्हणाले, "यांत आम्ही कोठें आहों?"

ध्वनिनवीस चाचरत म्हणाले, "सरकार, थेट आहे. थेटमध्ये खोलीतला आवाज येत नाही."

"आम्ही खोलीतला आवाज?"

"तसं नव्हे सरकार..."

"थेट म्हणजे आमच्यावांचोन, ऐसें आम्हांस कोणी सांगितलें नव्हतें. पुसा."

आणि पुसिली. एक बटण दाबावयास बोटाचें टोंक लागतें, ध्वनिनवीसांचें बोट यत्किंचितही कांपलें नाहीं. रोझाबाई धांवल्या, म्हणाल्या, "निदान आमची नक्कल तरी आधी काढायची होती, मेल्यांनो!" ध्वनिनवीस म्हणाले, "बाई, नक्कल अस्सलाची निघते. अस्सल आता नाही." मग महाराजांपुढें माईक ठेवून मास्तरांस पुन्हां वाजवावयाचा हुकूम जाहला. मास्तरांनी गिटार उचलिली, करंगळी तारेवर ठेविली, ती तारेवर राहीना. मास्तरांनी गिटार मांडीवर आडवी निजविली. महाराजांनी आपलें लहानपण पुन्हां सांगितलें, मानकऱ्यांनी वाहवा दिली, आणि तेंच मुद्रित करोन "बावतीस मास्तरांची थेट धून" या नांवें रोज सकाळीं कर्ण्यावरून वाजूं लागलें. ठरल्याप्रमाणें नक्कलही मिळाली, शिक्क्यासहित, ती लेकीस पोहोंचली. तिणें ती शेवटपर्यंत ऐकोन फोन केला, विचारिलें, "पप्पा, यात तुम्ही कुठं आहात?" मास्तरांनी फोन रोझाबाईंच्या हातीं दिला आणि खिडकी लावावयास उठले, कीं सकाळ होती, कर्णा सुरूं जाहला होता.

तात्पर्य इतकेंच. राज्यास थेट पाहिजे होतें. थेट आलें तेव्हां सोसलें नाहीं. आम्हीं हें जैसें जाहलें तैसें लिहिलें, मधें कोणाची वाहवा मिसळिली नाहीं, सबब ही हकीकतही पुसली जाईल हें जाणोन आहों. वाचणारांनी तोंवर वाचोन घ्यावी.