उलटी मावशी

या मायबाप हो, जरा जवळ सरकून बसा! एका खोकेवाल्याची फजिती सांगायची आहे. हसा खुशाल, पण त्याला वेडा म्हणू नका. मायेचा माणूस होता.

पुठ्ठ्याची खोकी बनवणं हा त्याचा धंदा. आई लहानपणीच गेली, मावशीनं वाढवलं. त्या मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, घरी काही दिवस झगझगीत उजेड नको.

"उजेड? अहो, माझ्या परवानगीशिवाय किरणाचा बापसुद्धा आत येणार नाही!" यानं छाती ठोकली.

मावशी उद्या यायची होती. त्यानं खोलीच्या दाराशेजारच्या एकुलत्या एक खिडकीवर काळा पुठ्ठा ठोकला, फटी बुजवल्या, दाराला आतून कडी घातली. पुठ्ठ्याला दोरी ओवायला दाभणानं पाडलेलं एक भोक तेवढं राहिलं. मुगाच्या दाण्याएवढं! एवढ्याशातून काय येणार आहे डोंबल?

बाहेर रणरणतं ऊन, आत शाईच्या दौतीत बुडी मारल्यासारखा काळोख. स्वतःवर खूश होऊन तो वळला, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मावशी!

तीच हिरवी साडी, तीच काठी. पण डोकं खाली, पाय वर! अस्पष्ट, थरथरती, छताकडे पाय करून हळूहळू चालत होती.

खोकेवाला दोन पावलं मागे सरला. भुताचे पाय उलटे असतात हे ऐकून होता. इथे अख्खी मावशीच उलटी! म्हणजे डॉक्टरांच्या टेबलावरच... देवा! हुंदका फुटला आणि दात वाजू लागले, दोन्ही एकदम.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "अरे, दार उघड! आजच सोडलं मला."

"सोडलं? देहातून सोडलं का गं, मावशी?"

"दवाखान्यातून रे, मेल्या!"

"खरी असशील तर उजवा हात वर कर!"

भिंतीवरच्या मावशीनं हात हलवला. तो डावा, आणि तोही खाली! आता शंकाच उरली नाही.

"माझ्या हातून काय राहिलं गं? कसली इच्छा राहिली?"

"पाणी पिण्याची! उन्हानं भोवळ येतेय मला!"

मावशीला सोडायला दवाखान्यातली सिस्टर आली होती. आत चाललंय तरी काय म्हणून तिनं भोकाला डोळा लावला. भिंतीवरची मावशी फट्‌कन विझली!

"गेली! मुक्त झाली!" म्हणून त्यानं असा गळा काढला की शेजारी धावत आले. सिस्टर दचकून मागे सरली, तशी मावशी पुन्हा हजर! आता शेजारच्या चार बायका घेऊन. सगळ्या उलट्या!

"अख्खी गल्ली मेली हो! भिंतीवर सगळ्या उलट्या लटकल्यात!" खोकेवाला खाटेखाली शिरला.

सिस्टरच्या डोक्यात एकदम उजेड पडला. हसू दाबत ती भोकापाशी ओरडली, "दादा, उजेड सरळ रेषेत चालतो! डोक्याकडून निघाला तो भोकातून खाली उतरतो, पायाकडून निघाला तो वर चढतो. म्हणून चित्र उलटं! मावशी चांगल्या धडधाकट आहेत. पण फार वेळ राहणार नाहीत, उघडा आता!"

शेवटी कडी निघाली. मावशी काळा चष्मा सावरत आत आली, घटाघटा पाणी प्याली आणि खाटेवर बसली. खोकेवाला मान खाली घालून तिचे पाय चेपू लागला. चेपत होता की चाचपत होता, देव जाणे!

"मी मेले असं वाटलं, रडलास. ते बरं केलंस," मावशी म्हणाली. "पण दार का नाही उघडलंस?"

"भीती वाटली गं."

"माझी?"

त्यानं पाय आणखी जोरात चेपले. मग पुटपुटला, "तू उलटी होतीस ना..."

मावशीनं त्याच्या डोक्यावर एक टपली मारली आणि तोच हात तिथंच ठेवला. "बरं, खरंच जाईन तेव्हा सरळ होऊन येईन. तेव्हा तरी उघडशील ना, गाढवा?"

मायबाप हो, घरी गेल्यावर कडी लावण्याआधी, ज्या माउलीनं तुम्हाला वाढवलं तिची एकदा आठवण काढा.