डब्याला जागा

साल १९९४. आधीच्या वर्षी उन्हाळा पडलाच नाही म्हणून जपानात भाताचं पीक बुडालं होतं आणि दुकानांत थायलंडचा तांदूळ आला होता. तो बघून जपानी बायका नाकं मुरडत. ओसाकातल्या एका इमारतीतल्या तीन मराठी बायका मात्र मनातून खूश होत्या, कारण तो तांदूळ शिजवला की भात मोकळा व्हायचा. पुण्याला पत्र पोचायला बारा दिवस लागत आणि फोनवर काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून ठेवावं लागे, असा तो काळ.

पद्मिनी त्या तिघींतली वयाने मधली. नवरा प्रल्हाद ट्रेडिंग कंपनीत, कंपनीनेच दिलेला दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि सात वर्षांची नुपूर शेजारच्या सरकारी शाळेत एप्रिलपासून दुसरीत. शाळा छान होती. फक्त दुपारचं जेवण सगळ्यांना सारखं, घरचा डबा चालायचा नाही आणि ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही.

मे महिन्यात एकदा अचानक आभाळ भरून आलं, म्हणून पद्मिनी छत्री द्यायला शाळेत गेली. जेवणाची वेळ टळून गेली होती. मुलं बाकं मागे सरकवून वर्ग झाडत होती, धूळ उडत होती, आणि त्या धुळीच्या मधोमध एका बाकावर वाटी समोर ठेवून नुपूर एकटीच बसली होती. 

घरी येताना तिने विचारलं, "काय होतं गं वाटीत?"

"इया," नुपूर म्हणाली. इया म्हणजे नको. दोन महिन्यांतच ती घरीसुद्धा जपानीत उत्तरं द्यायला लागली होती.

"मांस होतं का जेवणात?"

"उन्." म्हणजे हो.

बाई रोज नुपूरच्या वहीत दोन ओळी लिहून पाठवत. ती वही घेऊन पद्मिनी तडक तिसऱ्या मजल्यावर चारुताकडे गेली. चारुता सव्वीस वर्षांची, कॅसेट लावून जपानी शिकत होती आणि सात कॅसेट पुऱ्या केल्यामुळे इमारतीतली विद्वान समजली जात होती.

"हा सुरुवातीचा टोकदार भाग सोडून दे," वहीवर बोट ठेवत चारुता म्हणाली. "ती काताकाना लिपी. परदेशी शब्दांसाठी असते. ती आठव्या कॅसेटमध्ये आहे. पुढचं बघ. नि... नि... क आहे की ग? निकु! निकु म्हणजे मांस."

"आणि शेवटी?"

"शेवटी देसु. देसु म्हणजे आहे. मांस आहे."

"मला वाटलंच होतं," पद्मिनी म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसली.

ही बातमी दुसऱ्या मजल्यावर जयमालाबाईंकडे पोचायला पाच मिनिटं लागली. जयमालाबाई बँक मॅनेजरच्या पत्नी. त्यांचा मुलगा पुण्यात इंजिनियरिंगला होता, त्यामुळे ओसाकाच्या शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण समितीशिवाय त्यांना करमत नसे. पुण्यात त्यांनी सह्या गोळा करून एका शाळेची स्वच्छतागृहं मागच्या अंगणातून पुढच्या अंगणात आणली होती.

"पालक संघ काढायचा," त्या म्हणाल्या. "आपण तिघी."

"पण वहिनी, शाळेत मूल माझं एकटीचंच आहे. चारुताचा ओजस अजून बालवाडीत."

"संख्या कोण मोजतंय? सूर महत्त्वाचा."

मुख्याध्यापकांनी तिघींना चहा दिला, तीन वेळा वाकून नमस्कार केला आणि "विचार करतो" म्हणाले. तीन आठवडे ते विचारच करत होते. मग त्यांनी सांगितलं की असले निर्णय वॉर्ड ऑफिसातल्या शिक्षण विभागाच्या हातात असतात. लगेच चारुताने सोप्या लिपीत एक अर्ज लिहिला. मजकूर एवढाच: "क्यूशोकुसाठी कृपा करावी. तीन आया." खाली तीन सह्या.

क्यूशोकु म्हणजे शाळेतलं जेवण, हे चारुता बरोबर शिकली होती. त्याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ नोकरी शोधणं असा होतो, एवढंच त्या सात कॅसेटमध्ये नव्हतं. चिनी अक्षरांत लिहिलं तर फरक कळतो. सोप्या लिपीत दोन्ही सारखेच.

वॉर्ड ऑफिसात शिरल्याबरोबर दारातल्या मुलीने अर्ज वाचला, तिघींकडे फार सहानुभूतीने पाहिलं आणि सहा नंबरच्या खिडकीकडे हात केला. खिडकीत निशिदा-सान नावाचे गोल चष्म्याचे गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारायचं, चारुताने मराठीत सांगायचं, असं सुरू झालं.

"आठवड्यातून किती दिवस हवंय, म्हणतात."

"सोमवार ते शुक्रवार," पद्मिनी म्हणाली. "शनिवारी नको."

"किती वाजेपर्यंत?"

"एकच्या आत आटपायला हवं."

"आधीचा अनुभव कसा आहे?"

"सांग, अत्यंत वाईट!" जयमालाबाई कडाडल्या.

चारुताने सांगितलं. निशिदा-सानांनी मान हलवली. मंदी आहे, सध्या सगळ्यांचेच अनुभव वाईट आहेत, असं ते हळू आवाजात म्हणाले.

"बघ, इतरही पालकांच्या तक्रारी आहेत," जयमालाबाईंनी पद्मिनीला कोपराने ढोसलं.

"तुम्हाला काय काय येतं, म्हणतात."

"माणूस किती खोलात जातोय!" पद्मिनीला भरून आलं. "सांग, पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर. मांसाला हात लावणार नाही."

निशिदा-सानांनी तेही लिहून घेतलं. मग त्यांनी शाळेचं नाव विचारलं, एक जाड रजिस्टर उघडलं, पानं उलटली आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"तिथे जागा आहे म्हणतात!" चारुता ओरडली.

"कशाला जागा?"

"डब्याला असेल. ठेवायला."

तिघींनी एकमेकींचे हात धरले. निशिदा-सानही उभे राहिले, कारण एवढा आनंद त्या खिडकीसमोर बऱ्याच दिवसांत कोणाला झाला नव्हता. मूल त्या शाळेत कोणाचं, असं विचारून त्यांनी पद्मिनीला फॉर्म दिला, बाकी दोघींची नावं फाइलला लावली आणि पद्मिनीचे दोन फोटो मागितले.

"डब्याला माझा फोटो कशाला?" जिन्यात पद्मिनीने विचारलं.

"डबा आईनेच केलाय याची खात्री," जयमालाबाई म्हणाल्या. "शिस्त आहे बाई या लोकांत."

त्यानंतर पासपोर्टवर एक शिक्का मारून आणायला सांगणारं पत्र आलं. प्रल्हादने ऑफिसमधून अर्धा दिवस रजा काढून तो मारून आणला. डब्यासाठी सरकारी शिक्का लागतो हे बघून त्याला त्या देशाबद्दल आदरच वाटला. पुढच्या आठवड्यात मात्र एक छोटं पाकीट आलं. आत झाकणाची बारकी डबी, तीत इवलासा चमचा, आणि एका कागदावर चित्रं काढून सगळं समजावून सांगितलेलं.

प्रल्हादने चित्रं दोनदा बघितली आणि कागद उलटा ठेवला.

"पद्मिनी, हे तुझ्या पोटाची तपासणी मागतायत. सकाळचीच हवी, असं दिसतंय."

"अहो, जेवण नुपूरचं, आणि तपासणी माझी?"

"आत काय जाणार ते ठरवायच्या आधी बाहेर काय येतं ते बघत असतील. मला काय विचारतेस! तूच गेली होतीस समिती घेऊन."

पद्मिनीने लेकीसाठी तेही केलं. ते कसं केलं, हे तिने पुढे कधीही कोणाला सांगितलं नाही.

वीस जूनला सकाळी आठ वाजता शाळेच्या मागच्या दाराशी हजर राहावं, असं पत्र आलं. पद्मिनी चार पुडांचा डबा भरून, चांगली साडी नेसून गेली. दार उघडलं ते ओमोरी-सान नावाच्या आडव्या बांध्याच्या बाईने. तिने पद्मिनीच्या डोक्यावर पांढरी टोपी चढवली, तोंडाला पट्टी बांधली, साडीवरून पांढरा झगा घातला, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दिले आणि तिला कांद्यांच्या ढिगापुढे उभं केलं. कांदे तीनशे बारा मुलांपुरते होते.

आपला डबा ठेवायचा तर चार कामं करावी लागत असतील, असं समजून पद्मिनी कांदे चिरायला लागली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मधेच तिने फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवून विचारलं, "नुपूर?"

"आधी काम, मग जेवण," खुणेनेच सांगून ओमोरी-सानने कढईत मांसाचे तुकडे आणि बटाटे लोटले. मग कढईकडे बोट दाखवून म्हणाली, "निकु-जागा."

हा पदार्थ सगळ्या जपानला माहीत आहे: निकु म्हणजे मांस, जागा म्हणजे बटाटा. पद्मिनीला काय ठाऊक! निकुला जागा आहे आणि डब्याला नाही, असा सरळ अर्थ लावून ती आणखी रडली. दुपारी कार्डावर तिची वेळ छापून ओमोरी-सानने तिच्या पाठीवर थाप मारली आणि "उद्या पण!" म्हणाली, तेव्हा कुठे तिच्या मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी प्रल्हादने ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला फोन करून सगळा प्रकार सांगितला. त्या माणसाला एवढं हसू आलं की त्याला फोन ठेवून पुन्हा करावा लागला.

"तुला शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली आहे," प्रल्हादने सांगितलं.

"अगंबाई! मग आता?"

"सोडून दे."

"सोडायची नाही!" जयमालाबाई दारातूनच म्हणाल्या. त्यांना ही बातमी कोणी दिली ते कळलं नाही. "मुख्याध्यापक झाले, वॉर्ड ऑफिस झालं. पालक संघाचं माणूस पहिल्यांदा आत शिरलंय आणि तुम्ही त्याला बाहेर काढताय?"

पद्मिनी राहिली. आठवड्याभराने धीर करून, चारुताकडून पाठ करून घेतलेलं वाक्य तिने ओमोरी-सानला म्हणून दाखवलं: कढईत मांस टाकायच्या आधी माझ्या मुलीची एक वाटी बाजूला काढाल का?

"काढते की," ओमोरी-सान म्हणाली.

एवढंच. चहा नाही, वाकणं नाही, विचार करणं नाही. शिवाय बाई मनाने मोठी. मांस नाही म्हणून पोरीचं पोट रिकामं राहू नये, या काळजीने ती नुपूरच्या वाटीत हिरव्या भाज्या दुप्पट भरू लागली.

आणि नुपूर पूर्वी वीस मिनिटं बसायची, ती आता चाळीस मिनिटं बसायला लागली.

पद्मिनीला काही समजेना. मांस नाही, वाटी तिच्याच देखरेखीखाली भरलेली, तरी पोर धुळीत बसलेली. आजारी आहे म्हणावं तर घरी येऊन तीन पोळ्या खात होती.

मधल्या काळात पद्मिनीचं एक शिक्षण आपोआप झालं होतं. स्वयंपाकघरात भाज्यांची खोकी येत आणि त्यांवर मोठ्या टोकदार अक्षरांत नावं असत. कोबी, टोमॅटो, ढोबळी मिरची. खोकी लावता लावता ती अक्षरं तिला ओळखू यायला लागली. जुलैतल्या एका दुपारी नुपूरचं दप्तर आवरताना तिच्या हाताला मे महिन्यातली ती वही लागली. पान उघडलं आणि चारुताने सोडून दिलेला टोकदार भाग तिच्याकडे बघून जणू हसला. हा शब्द ती रोज सकाळी उचलत होती.

पी-मान. ढोबळी मिरची.

पुढचं अक्षर नि. त्याच्यापुढे ग, आणि मग ते. निकु नव्हतंच. निगाते. निगाते म्हणजे जमत नाही, नको वाटतं; पद्मिनी मांसाला हात लावत नाही हे बघून ओमोरी-सान पहिल्या दिवसापासून कपाळाला हात लावून हाच शब्द म्हणत होती.

"नुपूर, इकडे ये. तू वाटीत काय शिल्लक टाकत होतीस?"

नुपूरने मान खाली घातली. "पीमान."

"आणि मांस?"

नुपूर दप्तराच्या पट्ट्याशी खेळत राहिली. मग बारीक आवाज आला, "ओइशी." म्हणजे चविष्ट.

त्या रात्री पद्मिनी आमटीत मीठ घालायला विसरली. प्रल्हादने दोनदा विचारलं, तिने दोनदा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ढोबळीचं खोकं उघडायच्या आधीच तिने ओमोरी-सानला गाठलं. नुपूरच्या वाटीत पीमान नको.

"बरं," ओमोरी-सान म्हणाली. "मांसाचं काय करू? घालू की नको?"

नेमकं त्या क्षणी पद्मिनीला जपानी समजेनासं झालं. ती वळली आणि स्वच्छ असलेली एक कढई पुन्हा घासायला लागली. ओमोरी-सानने थोडा वेळ तिच्या पाठीकडे पाहिलं आणि जे करायचं ते केलं. त्या दिवशी नुपूर सगळ्यांच्या आधी मैदानात होती.

पद्मिनीने त्या स्वयंपाकघरात सहा वर्षं काढली. निरोपाच्या दिवशी तिने तीनशे मुलांना वरण-भात खाऊ घातला. निशिदा-सानांनी फाइलला लावलेली दुसरी नावं दोन वर्षांनी वर आली आणि जयमालाबाईंना शाळेपुढच्या चौकात मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं काम मिळालं. पिवळा झेंडा हातात आल्यावर त्यांना पालक संघाची आठवण राहिली नाही. ट्रकवालेही त्यांना विचारल्याशिवाय वळत नसत. चारुता पुढे दुभाषी झाली, मोठमोठ्या कंपन्यांसाठी, आणि क्यूशोकु हा शब्द आला की ती अजूनही बोलणाऱ्याला लिहून दाखवायला सांगते. ओमोरी-सान वारली. तिची शेवटची नववर्षाची शुभेच्छापत्रं पद्मिनीच्या कपाटात आहेत. प्रल्हादला मांसाची गोष्ट कधी कळली नाही, किंवा कळली असेल तर त्यालाही जपानी समजलं नाही.

बऱ्याच वर्षांनी पद्मिनी आणि प्रल्हाद पुण्याला परतले, नुपूर ओसाकातच राहिली. तिची मुलगी आता त्याच शाळेत जाते आणि तिलाही रोज वही असते. मागच्या महिन्यात पुण्यात फोन वाजला.

"आई, बाईंनी लिहिलंय, हिला जेवण जात नाही. काय करू गं?"

"घाबरू नकोस," पद्मिनी म्हणाली. "काय लिहिलंय ते सगळं मोठ्याने वाच. टोकदार अक्षरंसुद्धा."