डोमाकाकांचं ‘व्हेअर’

सानगडीत डोमाकाकांच्या किराणा दुकानात कुणी तूरडाळ कुठं आहे म्हणून विचारलं, की काका जागचे न हलता गंभीरपणे सांगत, “बिहाइंड द गूळ, निअर द पिपा.” गिऱ्हाईक गोंधळून उभं राही. मग काका तेच मराठीत सांगत, पण जरा नाराजीनं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. काका आमचे शेजारी. काकू वारलेल्या, मूलबाळ नाही. शिक्षण चौथी. इंग्रजी यायचं ते फक्त जागेचं : व्हेअर, हिअर, इन, ऑन, निअर, ऑपोझिट. बाकीच्या इंग्रजीशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी त्यांना कौतुकानं इंग्रजीत नाव विचारलं, तर काका म्हणाले, “हिअर.”

तलावातले मासे विकणारा रामाजी त्यांना मुद्दाम छेडायचा. मासा तलावात असला तर ‘इन’, हे त्याला पटलं होतं.

“अन तुमच्या ताटात आला तं?” त्यानं एकदा विचारलं.

काकांनी बराच विचार केला. “तवा ऑन. पोटात गेला का पुन्हा इन.”

आम्हा गल्लीतल्या पोरींना तर परीक्षा दिल्याशिवाय साखरेची पुडी मिळत नसे. शाळा व्हेअर? ऑपोझिट द मारुती. चुकलं की पुडी काकांच्याच हातात राही. चूल पेटवून आई वाट बघत असायची आणि मी इथं ‘बिटवीन’ घोकत उभी. फार राग यायचा.

ऐंशीच्या सुमारास मला मद्रासकडे नर्सिंगला प्रवेश मिळाला. सोबत बाबा आले. ठरल्या दिवशी बाराच्या आत हजर व्हायचं होतं, आणि गाडी उशिरा पोचली. स्टेशनाबाहेर आमची हिंदी कुणाला कळेना, त्यांचं बोलणं आम्हाला कळेना. गावात चार माणसांना सल्ला देणारे बाबा माझ्या पिशवीचा बंद धरून गप्प उभे होते. मी एका पोलिसाला कागद दाखवला आणि तोंडातून आपसूक निघालं, “व्हेअर?” तो भराभर बोलला. त्यातलं मला ‘ऑपोझिट’ आणि ‘बिहाइंड’ एवढंच कळलं. तेवढं पुरलं. बाराला दहा मिनिटं असताना मी सही केली.

पहिल्या सुटीत काकांच्या पाया पडायला गेले. सगळं ऐकून त्यांनी तराजू खाली ठेवला. आता परीक्षा घेतील असं वाटलं, पण ते मराठीतच बोलले.

“तुया काकूले मी तिकडच्याच एका मोठ्या दवाखान्यात नेलो होतो. तिले बाकावर बसवलं अन औषध आणाले गेलो. वापस येताना वाट चुकलो. चार घंटे फिरलो. पुसाचं कसं, तेच येत नव्हतं. सापडली तं रडून राहिली होती. तिले वाटलं, मी तिले टाकून गेलो.”

काकू पुढं घरीच वारल्या. त्याबद्दल काका काही बोलले नाहीत. त्या चार तासांचंच बोलत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “तू तिथं काम करशीन. कोणी असा फिरताना दिसला, तं नुसता रस्ता सांगू नोको. हात धरून नेऊन देजो.”

मी मान हलवली.

त्यानंतर दर सुटीत त्यांचा एकच प्रश्न असे, “किती जणाले पोचवलं?”

पहिल्या वर्षी मी आकडा थोडा वाढवून सांगितला. पुढं वाढवायची गरज पडली नाही.