कारण: वारा

माणूस घरात सुरक्षित असतो आणि रस्त्यावर असुरक्षित, ही गोष्ट सर्वमान्य आहे. यावरून असं सिद्ध होतं की माणूस घर सोबत घेऊनच रस्त्यावर उतरला, तर तो सर्वांत सुरक्षित असला पाहिजे. आमच्या देशात हा निष्कर्ष घराघरांत पोचलेला आहे. जुलै उजाडला की अख्खं नेदरलँड्स आपापली कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरचं घर, मोटारीच्या मागे अडकवतं आणि दक्षिणेला, फ्रान्सकडे निघतं. मागे उरतात त्या गाई, आणि ज्यांच्या गाडीचा हूक गंजलाय असे काही अभागी लोक.

मी हिल्बर्ट. ड्रेंथ प्रांतातल्या एक्स्टरवेल्ड गावच्या कॅरॅव्हान मंडळाच्या सुरक्षा समितीचा गेली अकरा वर्षं चिटणीस. (हे मानाचं पद आहे. दुसरं कोणी घेत नाही.) अपघात टाळणं हे समितीचं काम. अपघात फारसे टळलेले नाहीत, परंतु अकरा वर्षांत एकही बैठक टळलेली नाही, हे मी अभिमानाने नमूद करतो. बैठकीत प्रत्येकाला एक कप कॉफी आणि एक बिस्किट मिळतं, मग डबा बंद होतो. डबा बंद झाल्यावर चर्चा फार लांबत नाही.

समितीची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे अपघात नोंदणीचा अर्ज. कोणाची कॅरॅव्हान उलटली, घासली, खड्ड्यात गेली, की त्या सभासदाने हा अर्ज भरून कारणापुढे खूण करायची. सुरुवातीला कारणं पाच होती: वारा, ट्रक, परदेशी रस्ता, बेल्जियम आणि चालक. (बेल्जियम हाही परदेशच. परंतु त्याबद्दल सभासदांच्या भावना इतक्या तीव्र आहेत की त्याला वेगळा रकाना द्यावा लागला.) पहिल्या चार वर्षांत 'चालक' या शब्दापुढे एकही खूण पडली नाही. तेव्हा जागा उगाच अडते म्हणून तो रकाना काढून टाकण्यात आला. आजवरच्या एकेचाळीस अपघातांची वर्गवारी पुढीलप्रमाणे: वारा बावीस, ट्रक अकरा, बेल्जियम सहा, परदेशी रस्ता एक. उरलेला एक अपघात सभासदाच्या स्वतःच्या अंगणात झाला. त्या दिवशी वारा नव्हता, ट्रक नव्हता आणि बेल्जियम तर दोनशे किलोमीटर लांब. तो विषय पुढील बैठकीवर ढकलण्यात आला आहे. याला सहा वर्षं झाली.

आता बटाट्यांकडे वळू.

फ्रान्समध्ये बटाटे मिळत नाहीत असं नाही. मिळतात, पण ते फ्रेंच असतात. उकडायला टाकले की विरघळतात, असं आमच्या गावात मानलं जातं. (कोणी उकडून पाहिलेले नाहीत. माहीतच आहे तर पाहायचं कशाला?) त्यामुळे तीन आठवड्यांच्या सुट्टीसाठी दोन माणसांमागे चाळीस किलो ड्रेंथचे बटाटे, पीनट बटरच्या सहा बरण्या, पावावर भुरभुरायच्या चॉकलेटचे आठ पुडे आणि चार कॅन भरून इथल्या नळाचं पाणी बरोबर नेण्याची पद्धत आहे. हे सगळं ठेवायचं कुठे? पुढे ठेवलं तर पुढच्या बाकावर बसून कॉफी पिता येत नाही. मधोमध, चाकांच्या वर ठेवलं तर येण्याजाण्याची वाट अडते. म्हणून बटाटे पूर्वापार मागच्या पलंगाखाली जातात. बाप ठेवायचा तिथेच मुलगा ठेवतो.

वास्तविक कॅरॅव्हानचं असं असतं: मागची बाजू जड झाली की पुढचं टोक वर उचलू पाहतं. टोक मोटारीच्या हूकवर नीट दाबून बसलेलं नसलं, की वेगात मागचा सगळा संसार डोलायला लागतो. आधी थोडा, मग भरपूर, आणि मग मोटारीला घेऊनच आडवा होतो. हे शाळेतल्या पोरालाही कळतं. समितीत शाळेतली पोरं घेतलेली नाहीत.

याच कारणासाठी आम्ही जूनच्या शेवटच्या शनिवारी वजनदिन पाळतो. त्याची पद्धत शास्त्रीय आहे. न्हाणीघरातला वजनकाटा जमिनीवर ठेवायचा, त्यावर झाडूचा तोडलेला दांडा उभा करायचा, दांड्यावर कॅरॅव्हानचं टोक टेकवायचं. पन्नास किलो किंवा त्याहून जास्त भरलं की मी निळं प्रमाणपत्र काचेवर चिकटवतो. वजनाच्या वेळी सभासदाची बायको आत, पुढच्या बाकावर बसून सगळ्यांसाठी कॉफी करते. हा पाहुणचाराचा भाग झाला. एक सुदृढ, प्रेमळ बाई पुढे बसल्यामुळे टोक खाली दबतं आणि आकडा सुधारतो, हा निव्वळ योगायोग. ज्यांच्या बायका सडपातळ आहेत, त्यांना सासूला आणायची मुभा आहे. (नियम सात, पोटनियम ब.) अकरा वर्षांत एकही कॅरॅव्हान नापास झालेली नाही. इतका निर्दोष निकाल आसपासच्या कुठल्याच मंडळाचा नाही.

या वर्षी वजनदिनाच्या दोन दिवस आधी माझी थोरली बहीण रूली माझ्याकडे आली. तिचा नवरा लामर्ट म्हणजे आमच्या मंडळाचा अध्यक्ष. ताईने कोटसुद्धा काढला नाही.

"हिल्बर्ट, शनिवारी मी आत बसणार नाही."

"कशात?"

"कॅरॅव्हानमध्ये. मी बाहेर उभी राहणार. काय वजन भरायचं ते भरू दे."

"अगं, पण मग ते भरणार नाही."

"भरू नये म्हणूनच तर." ती खुर्चीत बसली. "मागच्या वर्षी फ्रान्समधल्या त्या लांब उतारावर ती डोलायला लागली ना, तेव्हा मला खिडकीतून माझंच स्वयंपाकघर दिसलं. शेजारच्या लेनमध्ये. पडद्यांसकट! तुझे भाऊजी म्हणतात, 'रेस दिली की सरळ होते.' दिली रेस. झाली सरळ. पण मी दाराची मूठ जी धरली, ती मुक्कामाला पोचेपर्यंत सोडली नाही."

"मग भाऊजींना सांग ना तसं."

"तीस वर्षं सांगतेय. त्यांना वाटतं, मी आपली बोलायचं म्हणून बोलते. त्या माणसाला बायकोचं ऐकू येत नाही, कागदाचं येतं. तू एकदा नापास कर. एकदाच. मग बटाटे आपोआप पुढे येतील." आणि मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "मला भीती वाटते रे. चाळीस किलो बटाट्यांपायी मरायचं नाहीये मला."

माझा जीव कळवळला, हे इथे नमूद करणं प्राप्त आहे. मी तिला शब्द दिला.

शनिवारी छान ऊन पडलं होतं. मंडळाच्या मैदानावर अठरा माणसं जमली होती, सफरचंदाचा केक कापून ठेवला होता. भाऊजी पांढरे मोजे आणि सँडल घालून आपल्या कॅरॅव्हानपाशी उभे होते.

"काय चिटणीस! आणा तुमचा काटा. होऊन जाऊ दे!"

ताई हाताची घडी घालून गवतावर उभी होती. भाऊजी म्हणाले, "रूली, अगं कॉफी?"

"केलीये. थर्मासात आहे."

मी दांडा लावला. टोक टेकवलं. काटा हलला आणि थांबला. यान्टिना खाली वाकली. यान्टिना ही समितीची सर्वांत नवी सभासद. तिने एकतीस वर्षं बस चालवली आहे, त्यामुळे रस्त्याबद्दल तिची मतं एकांगी आहेत. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा वाचला.

"एकवीस."

कोणीतरी केकचा घास तोंडातच धरला.

"छे, काटा बिघडलाय," भाऊजी हसत म्हणाले. "रूली, तू असं कर, आत जाऊन साखर कुठे ठेवलीयस ते बघ बरं जरा."

ताई जागची हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

आम्ही डच माणसं तोंडावर बोलणारी म्हणून ओळखली जातो. तुमचे केस वाईट कापलेत, तुमचं बाळ दिसायला बेतास बात आहे, हे आम्ही ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत सांगू. परंतु ऊन पडलेलं असताना, केक कापलेला असताना, अठरा माणसं छान गप्पा मारत असताना अध्यक्षाला 'तू नापास' म्हणणं हा तोंडावर बोलण्याचा प्रकार नाही. तो बैठक मोडण्याचा प्रकार आहे. आणि आमच्याकडे याहून मोठा गुन्हा नाही.

मी म्हणालो, "ताई, साखर बघून ये."

ती आत गेली. पुढच्या बाकावर बसली. एक्कावन्न भरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी प्रमाणपत्र चिकटवलं.

यान्टिना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काय हो हिल्बर्ट, ही बाई प्रवासातही तिथेच बसणार आहे का?"

"प्रवासात कॅरॅव्हानमध्ये बसणं बेकायदेशीर आहे," मी तिला समजावलं. "आपलं मंडळ नियमाबाहेर जात नाही."

जुलैच्या शेवटच्या शनिवारी, ज्याला आमच्याकडे काळा शनिवार म्हणतात, सगळे निघाले. त्या दिवशी महामार्ग तुंबतात. म्हणून गर्दी टाळण्यासाठी सगळेजण पहाटे निघतात, आणि गर्दी पहाटेच होते. गाडीला बाहेर काढलेले लांब आरसे लावणं सक्तीचं आहे. भाऊजींनी ते पहिल्या थांब्यावर काढून ठेवले. त्यांच्या अनुभवानुसार आरसे लावले की मागे खोळंबलेल्या चाळीस गाड्या दिसतात आणि मन विचलित होतं.

त्याच लांब उतारावर ती डोलायला लागली. भाऊजींनी रेस दिली. वेग तेव्हा ताशी एकशे सतरा होता. या वेळी सरळ झाली नाही.

कॅरॅव्हान आडवी झाली आणि मोटारीला फरफटत घेऊन कठड्यावर आदळली. हानीचा तपशील असा: भाऊजी, कपाळावर दोन ओरखडे. ताई, उजवी मांडी दोन ठिकाणी मोडली, खांदा निखळला. बटाटे, चाळीसपैकी साधारण अडतीस किलो तीन लेनमध्ये विखुरले, वाहतूक सव्वा तास बंद. एका फ्रेंच पोलिसाने एक बटाटा उचलून बराच वेळ निरखला, असं भाऊजी सांगतात. हे सांगताना त्यांचा ऊर भरून येतो. निळं प्रमाणपत्र काचेवर जसंच्या तसं होतं. डिंक चांगला आहे आमचा.

समितीची तातडीची बैठक भरली. अध्यक्षस्थानी अध्यक्षच होते. यान्टिनाने त्या दिवसाचं हवामान छापून आणलं होतं.

"वारा नव्हता," ती म्हणाली. "पानसुद्धा हलत नव्हतं त्या दिवशी. बटाटे मागे होते, लामर्ट. तुम्ही एकशे सतराने चालला होतात आणि वर रेस दिलीत."

"बरोबर आहे," भाऊजी शांतपणे म्हणाले. "आणि माणूस एकशे सतराने गेला की समोरून एकशे सतराचा वारा येतो. तुम्ही बस चालवलीये, तुम्हाला कळायला हवं."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. विज्ञानापुढे कोण बोलणार? ठराव एका मताविरुद्ध बाकी सर्व मतांनी संमत झाला. यान्टिनाने तिथल्या तिथे राजीनामा लिहून माझ्या हातात ठेवला आणि मी तो आवक वहीत नोंदवला. मग अर्ज पुढे ओढला आणि खूण केली. पेन माझंच होतं.

संध्याकाळी ताईला भेटायला रुग्णालयात गेलो. तिला फ्रान्सहून इथे आणलं होतं. पाय वर टांगलेला. डॉक्टर म्हणतात, चालेल, पण काठीशिवाय नाही. बागेत वाकून काम करायचं असेल तर ते आता दुसऱ्या कोणाकडून. मी फुलं ठेवली. ती फुलांकडे बघत नव्हती.

"काय लिहिलंस?"

"वारा."

तिने रागावावं म्हणून मी थांबलो. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, "त्या दिवशी मी आत जाऊन बसले ना, तेव्हा खिडकीतून सगळे दिसत होते मला. अठरा माणसं. सगळ्यांना माहीत होतं, मी आत कशाला बसलेय. पण माझ्याकडे एकजणही बघत नव्हता रे. तूसुद्धा नाही. सगळे काट्याकडे बघत होते, किती भरतंय म्हणून."

चिटणिसाने अशा प्रसंगी काय बोलावं, याबद्दल नियमावलीत तरतूद नाही. मी तिचा हात धरला, तिने तो काढून घेतला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आता वाचकहो, थोडं तुमच्याबद्दल. बटाटे मागे आहेत हे तुम्हाला सुरुवातीलाच कळलं होतं. टोक हलकं झाल्यावर काय होतं, तेही मी सोप्या भाषेत सांगितलं होतं. ती घाबरली आहे, हे तुम्ही तिच्याच तोंडून ऐकलंत. तरी मी तिला साखर बघायला आत पाठवलं, तेव्हा तुम्ही थांबला नाहीत. आता काय होतंय, या उत्सुकतेने पुढची ओळ वाचलीत. बरं, तिथे हसला नसाल. पण सासूच्या पोटनियमाला नक्की हसला होतात, खोटं सांगू नका. तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मंडळाला तुमच्यासारख्या समंजस माणसांची गरज आहे. यान्टिनाची जागा रिकामी होती, त्या जागेवर तुमची निवड एकमताने झाली आहे.