सुभेदारांची करडई

घटस्थापनेच्या दिवशी सुभेदार हरिबांनी परसात करडई पेरली आणि घरातल्यांना समोर उभं करून बजावलं, "हिला पाण्याचा थेंब घालायचा न्हाई. आमच्या दुष्काळी वडूजकडची हाय. नुसत्या वलीवर येती."

फौजेतून निवृत्त होऊन हरिबा कृष्णाकाठी, वाळव्याला, बायकोच्या गावी घर बांधून राहिले होते. इथली माणसं उसाला पाणी पाजतात आणि उरलं तर रस्त्यालाही पाजतात. त्याची हरिबांना भारी चीड.

करडईमागं कारण होतं बरं का. थोरली बहीण चंद्राबाई भाऊबीजेला येणार होती. हरिबा शाळेत जावा म्हणून दुष्काळात तिनं दोन कोसांवरून डोईवर पाणी वाहिलं आणि स्वतःची शाळा सोडली. संध्याकाळी आई करडईचा कोवळा पाला शिजवायची, तोही सगळ्यांना पुरायचा नाही. तीच भाजी आक्काला एकदा पोटभर वाढायची, एवढंच हरिबांच्या मनात होतं.

रोपं चार बोटं वर आली आणि एका रणरणत्या दुपारी त्यांनी माना टाकल्या. हरिबांचा जीव खालीवर झाला. पण सगळ्यांना बजावून तर बसलेले! सगळे जेवून आडवे झाल्यावर त्यांनी हळूच एक बादली ओतली. पुढं माना आणखी खाली गेल्या, म्हणून दोन ओतल्या.

त्यांना काय ठाऊक, की बायको सुलाबाई रोज सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी तिथंच ओततेय! ती पडली उसवाल्यांची लेक, तिला तहानलेलं रोप बघवेना. आणि सासऱ्यांचं तोंड उतरलेलं पाहून सून पल्लवी मोटार लावून पाईपच सोडत होती. सुभेदारांचा शब्द खाली पडू नये म्हणून तिघंही गप्प. आठवड्याभरात वाफ्यात भात लावता आला असता.

भाऊबीजेला चंद्राबाई आल्या, त्यांनी भावाला ओवाळलं आणि करडई बघायला परसात गेल्या. पिवळं पडलेलं एक रोप धरलं, तर ते कुजक्या मुळासकट हातात आलं.

"पाणी कुणी घातलं रं हिला?"

सुलाबाईंनी कबूल केलं. मग पल्लवीनं. शेवटी सुभेदार चिखलाकडं बघत म्हणाले, "म्या बी घातलं, आक्का."

चंद्राबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"आई असायला पायजे हुती, हरिबा. आपल्या घरातलं पीक पाणी जास्त झालं म्हणून गेलं! तिला खरंच वाटलं नसतं."